मेंढीचें अंडें

‘मेंढीचें अंडें’ हें आजच्या भाषणाचें नांव ऐकून आपणांपैकीं कांहीं जणांना हंसूं आलें असेल. हें हंसूं मला नवें नाहीं. सुमारें तीस वर्षांपूर्वीं मुळशी तालुक्यांतील एका खेड्याच्या शाळेंत, माझ्याच वर्गांत, हेच शब्द ऐकून सारीं मुलें हंसलीं होतीं. आणि सांगावयास लाज वाटते, पण त्या हंसण्यांत मीही सामील झालों होतों. त्या हंसण्याचें थोडें प्रायश्चित्त घ्यावें, एवढ्याच हेतूनें आज मी आपणांपुढें आलों आहें. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. शास्त्राचा अधिकार मी सांगत नाहीं. निवृत्तीनंतर वाचनाला सवड मिळाली आणि एका मुलाच्या प्रश्नाचें उत्तर शोधतां शोधतां जो इतिहास हातीं लागला, तो आपणांस सांगतों.

मुळशीचा मुलूख ज्यांनीं पाहिला आहे त्यांना ठाऊक असेल कीं, तेथें पाऊस अतोनात पडतो. मेंढी हा कोरड्या माळाचा प्राणी. मुळशीच्या पावसाळ्यांत तिचे खूर कुजतात आणि ती तग धरीत नाहीं. म्हणून आमच्या डोंगरांतले धनगर पाळतात त्या म्हशी. मेंढ्या येतात त्या देशावरच्या कोरड्या तालुक्यांतून, दिवाळी आटोपल्यावर. कोणाच्या खाचरांत रात्रभर कळप बसवावा, लेंडीखताच्या मोबदल्यांत धान्य घ्यावें, आणि पुढें घाट उतरून कोंकणांत जावें. वळवाचे ढग दिसूं लागले कीं माघारी फिरावें, असा त्यांचा पिढ्यान् पिढ्यांचा क्रम.

अशाच एका कळपाचा तळ आमच्या शाळेपलीकडे पडला होता. त्यांतला नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा चार दिवस वर्गांत येऊन मागच्या ओळींत बसला. त्या दिवशीं धडा होता अंडीं घालणाऱ्या व पिलें देणाऱ्या प्राण्यांचा. मुलगा उठून म्हणाला, “गुरुजी, कोंबडीचं पिलू अंड्यातनं येतं. मग मेंढीच्या पोटात कोकराच्या आधी काय असतं? अंडंच का?” वर्ग हंसला. मीं म्हटलें, “मेंढी कधीं अंडें घालते काय रे? बैस खालीं.” तो खालीं बसला आणि पुन्हां कांहीं विचारावयास उठला नाहीं.

संध्याकाळीं मी सहज त्यांच्या तळाकडे गेलों. एक मेंढी नुकतीच व्यालेली होती, आणि तिला जुळें झालें होतें. देशी मेंढीला बहुधा एकच कोंकरूं होतें; जुळें क्वचित. मला वाटलें, धनी आनंदांत असेल. पण त्या मुलाचा बाप एक कोंकरूं उचलून कळपांतल्या शेळीच्या आंचळाला लावीत बसला होता. मला म्हणाला, “हिला एकापुरतंच दूध हाय, गुरुजी. दुसऱ्याला शेळी.” मेंढ्यांच्या कळपांत दोन-चार शेळ्या कां असतात, हें मला त्या दिवशीं कळलें. तिसऱ्या दिवशीं तळ उठला. मुलाचा प्रश्न मात्र माझ्यापाशीं राहिला.

पुढें वाचनांत आलें कीं, हा प्रश्न विचारणारा तो पहिला नव्हता. रक्ताभिसरणाचा शोध लावणारा इंग्लंडचा विख्यात वैद्य विल्यम हार्वे यालाही याच प्रश्नानें छळलें होतें. राजा पहिला चार्ल्स याला शिकारीचा शोक. त्याच्या अरण्यांतील हरिणींचीं गर्भाशयें हार्वेनें ऋतुकाळानंतर दिवसांमागून दिवस उघडून पाहिलीं. जीवाचा आरंभ अंड्यांत असला पाहिजे, असें त्याचें मन सांगत होतें. १६५१ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथाच्या मुखचित्रावर ‘सर्व कांहीं अंड्यापासून’ अशा अर्थाचे लॅटिन शब्द कोरलेले आहेत. परंतु हरिणीच्या उदरांत त्याला अंडें कांहीं दिसलें नाहीं.

१६७२ सालीं हॉलंडच्या रेनिअर द ग्राफ यानें मादीच्या बीजकोशावरील पाण्यानें भरलेल्या फोडांचें सविस्तर वर्णन केलें. या फोडांनाच पुढें पुटिका म्हणूं लागले. ग्राफ याचा अंदाज बरोबर होता कीं अंडें येथूनच येतें. पण आख्खा फोड म्हणजेच अंडें असें पुष्कळांनीं मानलें, आणि तेथें घोटाळा झाला. त्यानंतर अठराव्या शतकाच्या मध्यास गॉटिंगेन येथें आल्ब्रेख्त फॉन हालर याच्या हाताखालीं कुलेमान या विद्यार्थ्यानें हा शोध मुद्दाम मेंढ्यांवर केला. मेंढ्या स्वस्त, आणि त्यांचा ऋतुकाळ ठरलेला. फळलेल्या मेंढ्या एकेका दिवसाच्या अंतरानें मारून तो पाहत गेला. तरी आरंभींच्या सुमारें दोन आठवड्यांत त्याला गर्भाशयांत कांहीं सांपडेना. आज आपणांस त्याचें कारण ठाऊक आहे. मेंढीचा कोंवळा गर्भ प्रथम गोल असतो, मग कोळ्याच्या तंतूसारखा लांब आणि इतका नाजूक होतो कीं, साध्या डोळ्यांना तो श्लेष्म्याचा धागा वाटावा. गर्भ तेथें होता; पाहणाऱ्याच्या दृष्टीला तो ओळखूं आला नाहीं.

अखेर १८२७ सालीं कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर यानें एका कुत्रीची पुटिका फोडून तिच्यांतला एक पिवळसर ठिपका सूक्ष्मदर्शकाखालीं धरला, आणि सस्तन प्राण्याचें अंडें मनुष्याच्या दृष्टीस पडलें. मेंढीचें अंडें मिलिमीटरच्या सातव्या-आठव्या भागाएवढें असतें. म्हणजे सुईच्या टोंकावर सहज मावेल एवढें. तेव्हां, श्रोतेहो, आमच्या वर्गांतील त्या मुलाचा तर्क खरा होता, आणि गुरुजींचें उत्तर १८२७ च्या पूर्वीचें होतें.

अंडें सांपडलें, पण तें पिकतें कसें आणि कोणाच्या आज्ञेनें? मेंढीची मादी आईच्या पोटांत असतांनाच तिच्या बीजकोशांत हजारों अंडीं तयार झालेलीं असतात. प्रत्येक अंडें आपलीं ५४ गुणसूत्रें निम्मीं करण्याच्या कामास लागतें आणि काम अर्धवट टाकून निद्रिस्त होतें. ही निद्रा महिनोगणती, कांहीं अंड्यांच्या बाबतींत वर्षानुवर्षें चालते. मेंढी ऋतूंत असतां दर सुमारें १७ दिवसांनीं कांहीं पुटिका वाढूं लागतात; त्यांतली एक पुढें जाते, बाकीच्या सुकतात. मग त्या एकीतलें अंडें जागें होतें, अर्धवट राहिलेलें काम पुरें करतें, आणि सुमारें एका दिवसांत पुटिकेबाहेर पडतें. हें जागें होणें यालाच शास्त्रज्ञ अंड्याची परिपक्वता म्हणतात. त्याला जागें करणारा कोण, हा विसाव्या शतकाचा प्रश्न होता.

शरीरांतील कांहीं ग्रंथि आपला रस नळीवाटे बाहेर न सोडतां थेट रक्तांत सोडतात आणि तो रस दूरच्या इंद्रियाला निरोप पोंचवितो. अशा निरोप्या द्रव्यांना अर्नेस्ट स्टार्लिंग यानें १९०५ सालीं ‘हॉर्मोन’ हें नांव दिलें. मराठींत आपण त्यांना संप्रेरकें म्हणतों. १९२६-२७ च्या सुमारास अमेरिकेंत फिलिप स्मिथ यानें व जर्मनींत झोंडेक व आशहाइम यांनीं दाखविलें कीं, बीजकोशाला हुकूम जातो तो मेंदूच्या तळाशीं असलेल्या पीयूषिका नांवाच्या चिमुकल्या ग्रंथीकडून. १९३१ सालीं विस्कॉन्सिन येथील फेव्होल्ड, हिसॉ व लिओनार्ड यांनीं या हुकमाचे दोन भाग वेगळे केले. एक संप्रेरक पुटिका वाढवितें. दुसरें वाढलेली पुटिका फोडून अंडें बाहेर काढतें. पहिल्याला पुटिकावर्धक आणि दुसऱ्याला पीतपिंडकारी असें म्हणूं या. प्रयोगशाळेंत तीं एफ.एस.एच. व एल.एच. या आद्याक्षरांनीं ओळखलीं जातात.

या कथेंत मेंढी पुन्हां पुन्हां येते. तें कांहीं नवल नव्हे. कारण शास्त्रज्ञाला जी ग्रंथि हवी, ती कसाईखान्यांत टाकून दिली जात असे. १९४० सालीं बर्कले येथें चो हाओ ली, सिम्प्सन व एव्हान्स यांनीं मेंढ्यांच्या पीयूषिका गोळा करून त्यांतून पीतपिंडकारी संप्रेरक शुद्ध स्वरूपांत काढलें. पुढें पीयूषिकेलाही मेंदूकडून कोण आज्ञा देतो याचा शोध सुरू झाला. रॉजर गिलेमिन यानें त्यासाठीं लाखों मेंढ्यांच्या मेंदूंतील तुकडे जमविले, तर त्याचा प्रतिस्पर्धी अँड्र्यू शॅली यानें डुकरांचे. अनेक वर्षांच्या चुरशीनंतर दोघांनाही १९७७ चें नोबेल पारितोषिक मिळालें. मिलिग्रॅमभर द्रव्यासाठीं टनांनीं मांस चाळावें लागलें, हें ऐकून ज्ञान किती महाग असतें याची कल्पना येते.

आतां मुख्य प्रसंगाकडे येतों. १९३५ सालीं हार्वर्ड येथें ग्रेगरी पिंकस व एन्झमन यांनीं सशाच्या पुटिकेंतून अंडें काढून कांचेच्या बशींत ठेवलें. अपेक्षा अशी कीं, संप्रेरकावांचून तें निजूनच राहील. घडलें उलटें. पुटिकेबाहेर पडतांच अंडें आपण होऊन जागें झालें! याचा अर्थ मोठा चमत्कारिक होता. संप्रेरक अंड्याला हलवून उठवीत नसून, पुटिकाच त्याला थोपटून निजवीत होती. संप्रेरक येऊन तें थोपटणें थांबवीत होतें. अंड्याभोंवतीं पेशींचें एक वेष्टण असतें. त्या पेशींतून बारीक बोगद्यांवाटे निद्रेचें द्रव्य अंड्यांत सतत झिरपत असतें. तें द्रव्य कोणतें, याचा नीट उलगडा २००९-१० च्या सुमारास उंदरांवरील प्रयोगांनीं झाला. पीतपिंडकारी संप्रेरक अंड्याला स्पर्शही करीत नाहीं. तें पुटिकेच्या भिंतीला निरोप देतें, भिंत वेष्टणाला देते, आणि वेष्टण अंड्याला. दवंडी पाटलाच्या चावडीवर पिटली जाते आणि घराघरांत पोंचते ती शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या तोंडून, तसाच हा प्रकार.

मग प्रश्न असा कीं, अंडें जर बशींत आपण होऊन पिकतें, तर प्रयोगशाळेंत संप्रेरकें घालावयाचीं कशाला? १९६५ सालीं इंग्लंडच्या रॉबर्ट एडवर्ड्स यानें उंदीर, मेंढी, गाय, डुक्कर, माकड व मनुष्य या सर्वांचीं अंडीं बशींत पिकवून कोणाला किती वेळ लागतो याचा तक्ता मांडला. उंदराचें अंडें बारा-एक तासांत पिकतें, मेंढीचें सुमारें एका दिवसांत. मनुष्याचें मात्र छत्तीस तासांहून अधिक घेतें. पण अशा अंड्यांपासून पुढें धड गर्भ क्वचितच होत असे. दिसावयास पिकलेलें, आंतून कच्चें. अढींत घाईनें पिकविलेला आंबा जसा रंगानें पिवळा आणि चवीनें आंबट असतो, तसें हें होतें.

याचें उत्तर केंब्रिजजवळच्या संशोधनसंस्थेंत रॉबर्ट मूर व अ‍ॅलन ट्राउन्सन यांनीं मेंढीवर शोधलें. त्यांचा निबंध १९७७ सालचा. त्यांनीं अंडें एकटें न ठेवतां सबंध पुटिकाच बशींत जगविली आणि तिला पीयूषिकेचीं दोन्ही संप्रेरकें व बीजकोशांतील इस्ट्रोजेन हीं निरनिराळ्या मेळांनीं दिलीं. नंतर तीं अंडीं फळलेल्या मेंढ्यांच्या उदरांत ठेवून तीं कितपत वाढतात तें पाहिलें. त्यांतून दोन गोष्टी वेगळ्या झाल्या. अंड्याच्या केंद्रकाचें पिकणें ही एक. आणि अंड्याच्या उरलेल्या भागाचें, ज्याच्या शिदोरीवर गर्भाला पहिले कांहीं दिवस काढावयाचे असतात त्याचें, पिकणें ही दुसरी. केंद्रक एकटेंही पिकतें. शिदोरी मात्र भोंवतालच्या पेशी जगल्या, आणि संप्रेरकांचा मेळ बरोबर जमला, तरच बांधली जाते.

आज जगांत ठिकठिकाणीं प्रयोगशाळांत हें काम कसें चालतें तें थोडक्यांत सांगतों. कसाईखान्यांतून मेंढीचे बीजकोश कोमट मिठाच्या पाण्यांत घालून आणतात. दोन ते सहा मिलिमीटरच्या पुटिकांतून सुईनें द्रव ओढून घेतात. ज्या अंड्यांभोंवतीं पेशींचें वेष्टण दाट व एकसारखें असेल तींच निवडतात. उघडीं पडलेलीं अंडीं टाकून देतात. पोषक द्रवांत रक्तजल, दोन्ही पीयूषिका-संप्रेरकें आणि थोडें इस्ट्रोजेन घालून, मेंढीच्या अंगाइतक्या, म्हणजे सुमारें ३९ अंश उष्णतेंत, हवेंत शेंकडा ५ कर्बवायु राखून तीं चोवीस तास ठेवतात. दुसऱ्या दिवशीं पाहावें तों आवळून बसलेलें वेष्टण पिंजलेल्या कापसासारखें फुललेलें असतें, आणि अंड्याच्या कडेला एक लहानसा बुडबुडा दिसतो. निम्मीं गुणसूत्रें बाहेर टाकल्याची ती खूण.

एवढ्या खटाटोपाचा उपयोग काय, असें कोणी विचारील. मूर यांच्याबरोबर मेंढीच्या अंड्यांवर काम केलेले ट्राउन्सन पुढें ऑस्ट्रेलियांत गेले आणि मनुष्याच्या कृत्रिम गर्भधारणेच्या कार्यांत अग्रणी ठरले. एडवर्ड्स यांच्या तक्त्यांतून पुढें १९७८ च्या जुलैंत पहिली नलिकाबालिका जन्मास आली. त्याच वर्षीं ३ ऑक्टोबरला कलकत्त्यास सुभाष मुखर्जी यांच्या प्रयत्नानें दुसरी जन्मली. पण या गृहस्थांना जिवंतपणीं न्याय मिळाला नाहीं. १९८१ सालीं त्यांनीं आपल्या हातानें आयुष्य संपविलें. मुंबईस परळच्या प्रजननसंशोधन संस्थेचे आनंदकुमार आणि के. ई. एम. रुग्णालयाच्या इंदिरा हिंदुजा यांच्या सहकार्यानें ६ ऑगस्ट १९८६ रोजीं हर्षा ही कन्या जन्मली. पुढें याच आनंदकुमारांनीं मुखर्जींचे कागद तपासून, पहिलेपणाचा मान आपला नसून त्यांचा आहे, असें जाहीरपणें सांगितलें. शास्त्राच्या इतिहासांत असे प्रसंग फार नाहींत. तसेंच, १९९६ च्या जुलैंत स्कॉटलंडांत जन्मलेली सुप्रसिद्ध डॉली मेंढीचीच. तिच्यासाठीं मेंढीच्या पक्व अंड्यांतील केंद्रक काढून तेथें दुसऱ्या मेंढीच्या आंचळांतील पेशीचें केंद्रक घातलें होतें. २७७ अंड्यांतून एक डॉली. शिदोरी अंड्याची, केंद्रक परक्याचें. तरी शिदोरीनें त्या परक्याला पोसून कोंकरूं केलें. पक्व अंड्याची शिदोरी म्हणजे काय, याचा याहून मोठा पुरावा कोणता?

परंतु, श्रोतेहो, या कथेचा जो भाग मला सर्वांत जवळचा वाटतो तो केंब्रिज किंवा स्कॉटलंडचा नव्हे; तो फलटणचा आहे.

ऑस्ट्रेलियांत न्यू साउथ वेल्समध्यें ‘बुरूला’ नांवाच्या शेतवाडीवर सीअर्स बंधूंनीं मेरिनो मेंढ्यांचा एक कळप राखला होता. त्यांतल्या मेंढ्यांना दोन, तीन, कधीं पांच कोंकरें होत. १९५८ सालीं त्यांनीं पांचांत जन्मलेला एक नर सरकारी संशोधनसंस्थेला दिला, आणि तेथून त्या कळपाचा अभ्यास सुरू झाला. १९८० च्या सुमारास उमगलें कीं हा गुण अनेक बारीक कारणांचा नसून एकाच जनुकाचा आहे. हेलन न्यूटन टर्नर या विदुषीनें जुनें दप्तर चाळून १९८२ सालीं असें सुचविलें कीं, १७९२-९३ च्या सुमारास कलकत्त्याहून जहाजानें ऑस्ट्रेलियांत नेलेल्या बंगाली मेंढ्यांकडून हा गुण आला असावा.

इकडे फलटणास बनबिहारी निंबकर यांनीं १९६८ सालीं एक कृषिसंशोधन संस्था स्थापिली होती. हे इरावतीबाई कर्वे यांचे जांवई; २०२१ सालीं ते निवर्तले. त्यांनीं व प्रदीप घळसासी यांनीं सुंदरबनांतील गारोळ नांवाच्या बुटक्या मेंढीकडे लक्ष वेधलें. त्यांचा या मेंढीवरील लेख १९९३ सालचा आहे. गारोळ मेंढी अंगानें अगदीं लहान, पण जुळीं-तिळीं देणारी. निंबकरांची कन्या चंदा निंबकर यांनीं हें काम पुढें नेलें. गारोळचा गुण आपल्या दख्खनी मेंढींत उतरवावा, पण तिचा बुटकेपणा येऊं देऊं नये, असा हा यत्न. त्यांत पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचें व ऑस्ट्रेलियांतील विद्यापीठांचें साहाय्य झालें. २००१ सालीं तीन निरनिराळ्या गटांनीं बुरूलाच्या जनुकांतील नेमका फरक शोधून काढला. आणि लौकरच, २००२ सालीं, गारोळमध्यें तंतोतंत तोच फरक आढळला. जें दोनशें वर्षांपूर्वीं हुगळीच्या धक्क्यावरून गेलें होतें, त्याची पुरी ओळख अशा रीतीनें पटली.

हा फरक तरी केवढा? एका प्रथिनांतील पांच-सहाशें घटकांपैकीं २४९ वा घटक बदललेला. हें प्रथिन बीजकोशांतील पेशींवर निरोप घेणाऱ्या दाराचें काम करतें. दार बदललें म्हणून पुटिका लहान असतांनाच पिकतात. सामान्य मेंढींत एक मोठी पुटिका इस्ट्रोजेनचा पूर्ण घडा भरते, आणि पीयूषिका ‘पुरे’ म्हणून हात आखडता घेते; बाकीच्या पुटिका सुकतात. गारोळ वंशांत दोन-तीन लहान पुटिका मिळून तोच एक घडा भरतात. पीयूषिकेला हिशोब सारखाच दिसतो. पण अंडीं निघतात दोन किंवा तीन. बुरूला मेंढींत या जनुकाची एक प्रत असली तर दर खेपेस सरासरी दीड अंडें अधिक सुटतें. दोन असल्या तर तीन. न्यूझीलंडांत २००० सालीं याच कुळांतला दुसरा एक फरक सांपडला. तो तर खुद्द अंड्यानें सोडलेल्या निरोपांतला होता. त्याची एक प्रत असली तर मेंढी जुळीं देते, आणि दोन असल्या तर वांझ राहते. म्हणजे अंडें नुसतें आज्ञाधारक नाहीं. तेंही पुटिकेशीं बोलत असतें. बीजकोशांत हुकूम एकतर्फीं चालत नाहीं.

दख्खनी मेंढीवर या जनुकाचा परिणाम बेताचा झाला. एक प्रत असलेल्या मेंढ्या एका वितास सरासरी दीडच्या आसपास कोंकरें देतात. या वाणाला संस्थेनें ‘सुवर्णा’ हें नांव दिलें. दोन प्रती असलेला नर कळपांत सोडला कीं त्याच्या साऱ्या मुलींना एक-एक प्रत मिळते. रक्ताच्या थेंबावरून नर ओळखतां येतो. मेंढपाळाला सुई नको, औषध नको. तोच कळप, तेंच चरणें.

आणि येथें मला तो शेळीच्या आंचळाशीं धरलेला दुसरा कोंकरा आठवतो. प्रयोगशाळेंतील द्रवांत संप्रेरक घातलें कीं अंडें पिकतें. जनुक आणला कीं दोन अंडीं सुटतात. पण दुसऱ्या कोंकराचें दूध कोणत्या बाटलींत मिळतें? दुष्काळी वर्षीं पंधरा-पंधरा मैल चालणाऱ्या मेंढीला दोन कोंकरें म्हणजे वरदान कीं ओझें? फलटणच्या मंडळींनीं हा प्रश्न टाळला नाहीं, म्हणून मला त्यांचें कौतुक वाटतें. त्यांनीं धनगरांच्याच कळपांत मेंढ्या देऊन कोंकरें किती जन्मलीं याबरोबर किती जगलीं हेंही मोजलें. गाभण मेंढीला अधिक चारा, जुळ्याची निगा, या गोष्टी बियाण्याइतक्याच महत्त्वाच्या धरल्या. मूर व ट्राउन्सन यांनीं बशींत जो धडा घेतला तोच हा. केंद्रक पिकविणें सोपें, शिदोरी बांधणें अवघड. माळावरही संख्या वाढविणें सोपें, आणि जगविणें अवघड.

ज्या पिढींत मीं शिकविलें त्या पिढींत ‘शास्त्र’ म्हटलें कीं तें सातासमुद्रांपलीकडचें, आणि धनगराचें ज्ञान म्हणजे अडाणीपणा, अशी आम्हां मास्तरांची समजूत होती. बंगालच्या दलदलींत कोणी अनाम मेंढपाळांनीं पिढ्यान् पिढ्या जी मेंढी राखली, तिच्याच रक्तांत जगांतल्या प्रयोगशाळांना हवें असलेलें उत्तर होतें. मागच्या ओळींतल्या मुलाला मीं खालीं बसविलें, तेव्हां मीं कोणाला बसविलें हें मला ठाऊक नव्हतें.

तो मुलगा आतां चाळिशीचा असेल. कदाचित् त्याचा स्वतःचा कळप असेल. कदाचित् त्यानें मेंढ्या सोडून शहरांत नोकरी धरली असेल. घाटाच्या वाटेवर कोणा तळावर कोणाच्या हातांत हा रेडिओ वाजत असला, आणि तो जर ऐकत असला, तर त्याला एवढेंच सांगतों : बाळ, तुझें खरें होतें. कोंकराच्या आधीं अंडेंच असतें. तें शोधावयास शहाण्यांना पावणेदोनशें वर्षें लागलीं, आणि तें समजून घ्यावयास आणखी तितकींच. उभा राहा, आणि पुढचा प्रश्न विचार.